पाणीपुरवठा व मलनिस्सारण योजनांची आर्थिक छाननी: नवोदितांसाठी काही अनुभव

या कामात नव्याने येणारे बहुतेक जण प्रकल्प अहवाल हातात पडताच अंदाजपत्रकाचा गोषवारा उघडतात. मी मात्र त्यांना मलवाहिनीचा उभा छेद, म्हणजे वाहिनी जमिनीखाली कुठे किती खोल जाते ते दाखवणारा नकाशा, आधी पाहायला सांगतो, कारण पैसा कुठे मुरणार आहे ते तिथे दिसते. मलवाहिनीत गाळ बसू नये म्हणून प्रवाहाला सेकंदाला साधारण 0.6 मीटर वेग लागतो आणि तो उतारातूनच मिळवावा लागतो. सपाट जमिनीवर 200 मीटरला 1 मीटर उतार दिला, तर किलोमीटरभरात वाहिनी 5 मीटर खोल जाते. मग खोदाईच्या जोडीला चराच्या बाजूंना आधार देणे, भूजल उपसणे, रस्ता पूर्ववत करणे हे सारे खर्च ओघाने येतात. मध्ये सांडपाणी पंपाने वर उचलणारे उपसा केंद्र घेतले तर खोदाई वाचते, पण विजेचे बिल कायमचे मागे लागते. या निवडीची कारणे अहवालात नसतील, तर ती लेखी मागवावीत.

जलवाहिनीच्या व्यासातही हाच हिशेब असतो. तेवढ्याच प्रवाहासाठी 300 ऐवजी 250 मिलिमीटरचा पाइप घेतला, तर घर्षणात खर्ची पडणारा दाब सुमारे 2.4 पट होतो आणि पंप तो भार रोज वाहतो. म्हणून पर्यायांची तुलना उभारणीच्या खर्चावर न थांबवता वीज, देखभाल-दुरुस्ती आणि पंप बदलण्याचा खर्च धरून वर्तमान मूल्यात, म्हणजे पुढे होणारे खर्च आजच्या पैशांत मोजून, करावी. पाइप अनेक दशके टिकतो, पंपांचे आयुष्य त्या मानाने बरेच कमी असते. नव्या उद्भवाचा, म्हणजे पाण्याच्या नव्या स्रोताचा, प्रस्ताव असेल, तर जुन्या वितरण व्यवस्थेतील गळतीचे मोजमाप आधी पाहावे; गळती रोखूनही पाणी हाती येऊ शकते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते घरजोडण्यांकडे, बहुधा त्यांचे उद्घाटन करता येत नाही म्हणून. पुरवलेल्या पाण्याच्या साधारण 80 टक्के सांडपाणी धरून प्रक्रिया केंद्राची क्षमता ठरवली जाते, परंतु घरे वाहिनीला जोडलेलीच नसतील तर ते केंद्रापर्यंत पोहोचतच नाही, आणि जैविक प्रक्रियेतील जिवाणूंनाही पुरेसे खाद्य मिळत नाही. त्यामुळे जोडण्यांचा खर्च कोण उचलणार आणि त्या कोणत्या वर्षी किती होणार, याचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय मी केंद्राच्या क्षमतेला होकार देत नाही. ती क्षमता टप्प्याटप्प्याने वाढवता येते. वाहिनीचा व्यास मात्र पुढील 30 वर्षांच्या गरजेनुसार पहिल्याच खोदाईत घ्यावा.