जुनी केबिनवाली बोट घेताय? आधी हातोडी, मग इंजिन

जुनी मासेमारी बोट बघायला निघालं की बरोबर येणारे चौघे एकच सल्ला देतात, ‘इंजिन ऐक.’ मालकही त्याच तयारीत असतो. आपण जेटीवर पोचेपर्यंत त्याने इंजिन तापवून ठेवलेलं असतं. इंजिन बिघडलं तर बदलता येतं, पैसे गेले म्हणून रडायचं आणि नवं बसवायचं. लाकूड आतून गेलं असेल तर बोटच गेली. मी लाकडी, वरून फायबर मारलेल्या आणि केबिन असलेल्या कोकणातल्या बोटींबद्दल बोलतोय.

बोट दोनदा बघा. एकदा मे महिन्यात पाण्यात. नंतर जूनमध्ये जमिनीवर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि बोटी वर ओढल्या जातात. शाकारणी होऊन ताडपत्री चढायच्या आत गाठा.

आता केबिन. इथे मी एकदा सपाटून मार खाल्लाय, म्हणून जरा लांबण लावतो.

लाकूड खारं पाणी सोसतं, गोडं सोसत नाही. पावसाचं पाणी टपाच्या, म्हणजे केबिनच्या छपराच्या, कडेने आणि खिडकीच्या चौकटीतून झिरपतं आणि केबिन डेकवर जिथे टेकते त्या सांध्यात मुरतं. तिथे बुरशी धरते. वर फायबरचा थर असला की आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. बाहेरून सगळं गुळगुळीत आणि आत भुसा. माझ्या दुसऱ्या बोटीला ताजा पांढरा रंग होता, निळा पट्टा होता, खिडक्यांना नवं रबर होतं. मी खूश. दिवाळीनंतर एका उधाणात सुकाणूशी उभा होतो, तर बोट एकीकडे कलतेय आणि केबिन तिच्या मागून अर्ध्या क्षणाने. किनाऱ्याला येऊन कोपऱ्यातली फळी उचकटली, तर आतलं लाकूड मुठीत चुरलं. केबिन उतरवून खालच्या तुळया बदलल्या. ऐन हंगामात सव्वा महिना बोट जमिनीवर.

म्हणून छोटी हातोडी घ्या. आधी जिथे लाकूड नक्की चांगलं आहे तिथे ठोका, म्हणजे कानाला सवय होते. मग केबिनचे चारही कोपरे, खिडक्यांच्या खालची बाजू, दाराचा उंबरा आणि जाळं ओढायचा विंच जिथे बोल्टने आवळलाय ती जागा, वीत-वीत अंतरावर ठोकत जा. ‘टण’ आला तर पुढे जा. ‘भद’ आला तर खडूने खूण करा. शेवटी खुणा मोजा. दोन-तीन सुट्या खुणा म्हणजे सुताराचं काम आणि किंमत कमी करायला कारण. खुणांची रांगच लागली असेल तर परत फिरा.

खूण केलेल्या जागी आतल्या बाजूने बारीक स्क्रू-ड्रायव्हर टोचा. मालक म्हणेल रंग खराब होईल. रंगाचे पैसे देऊ करा. तरी नको म्हणाला तर चहा प्या आणि घरी या.

आणखी एक. केबिन रात्रभर बंद ठेवायला सांगा आणि सकाळी दार उघडताच नाक आत घाला. डिझेल आणि मासळी तर येणारच, पण त्याखाली पावसाळाभर न उघडलेल्या माळ्याचा कुबट वास आला, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

खालच्या अंगाला पठाणाजवळ (बोटीच्या तळाचा कणा) फायबर कुठे फुटलंय ते बघा. लाकूड पोखरणारा समुद्री किडा (खरं तर तो शिंपल्याच्या कुळातला) तिथून शिरतो. बाहेर टाचणीएवढं भोक आणि आत बोटभर जाडीची बिळं. इथेही हातोडीच.

इंजिन मात्र थंड असताना हात लावून बघा आणि मगच चालू करायला सांगा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइल दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय.

कागद बघताना नोंदणी आणि परवाना वेगवेगळे तपासा. परवाना तुमच्या नावावर होईल का, हे पैसे देण्याआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. पर्ससीनची (मोठ्या जाळ्याने मासळीचा थवा घेरणारी) बोट असेल तर दुप्पट सावध राहा, २०१६ पासून त्या परवान्यांवर मर्यादा आहे. कर्ज, मच्छीमार सोसायटीची उधारी आणि दंड यांची बाकी लेखी घ्या. ‘मिटवतो हो दादा’ चालणार नाही.

समुद्रावरची फेरी तळ कोरडा करून मगच काढा. दोन तास चालवा, परत आल्यावर तळाची फळी उचला. पाणी दिसलं तर डिझेलचा तवंग बाजूला सारून हाताच्या बोटाचं टोक बुडवा आणि जिभेला लावा. खारट असेल तर सांधे किंवा शाफ्टची (इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा) पॅकिंग गळतेय. गोडं असेल तर पुन्हा केबिनकडे जा. हातोडी खिशातच असू दे.