दोन्ही बाजूंनी सुलटा : तुर्की पेश्किरवरचं भरतकाम

भरतकाम दाखवायला नेलं की आई आधी ते उलटं करायची. मागे गाठी दिसल्या की संपलं! तुर्की पेश्किर तिच्या परीक्षेत सहज उतरला असता, कारण त्याला उलटी बाजूच नसते.

तुर्कस्तानात उस्मानी (ऑटोमन) सुलतानांच्या काळात लोक मोठ्या गोल तबकाभोवती जमिनीवर बसून जेवत. तेव्हा मांडीवर पसरायचा लांबट कपडा म्हणजे पेश्किर. भरतकाम फक्त दोन्ही आखूड टोकांना, मधला भाग कोरा, हात पुसण्यासाठी. मुली असे कपडे चेयिझसाठी भरून ठेवत आणि लग्नाच्या वेळी ते मांडून दाखवत. आपलं रुखवतच म्हणा. इंग्रज राजदूताची पत्नी लेडी मेरी माँटेग्यू 1718 मध्ये इस्तंबूलला अशाच एका मेजवानीला गेली होती. इतक्या सुंदर रुमालांना हात पुसायचे म्हणून तिला फार वाईट वाटलं. जेवण संपेपर्यंत ते पार खराब झाले, असं तिनं बहिणीला कळवलं.

आपण एक छोटा पेश्किर करू. उभे-आडवे धागे सारखे असलेलं, सेंटीमीटरला साधारण 10 धागे मोजता येतील असं लिनन किंवा सुती कापड घ्या. 35 बाय 70 सेंटीमीटरचा तुकडा पुरे. आधी धुऊन इस्त्री करा, नाहीतर नंतर कापड आटतं आणि फुलं आवळतात. कडा साध्या टाक्यांनी बांधून घ्या. सुई बोथट टोकाची हवी. टोकदार सुई धागाच चिरते. मूळ काम रेशमाचं, पण सहापदरी सुती लडीतले दोन पदरही चालतील. लाल धाग्याचं टोक ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा. रंग लागला तर तो धागा बाजूला ठेवा.

पहिल्यांदा सुरूचं, म्हणजे सायप्रसचं, झाड घ्या. ट्यूलिप, कार्नेशन जास्त देखणे, पण त्यांच्या पाकळ्या सुटसुटीत भरायला हात बसावा लागतो. झाड 3 सेंटीमीटर रुंद, 5 उंच, म्हणजे 30 धागे आणि 50 ओळी. आलेख कागदावर एक चौकोन एक धागा धरून काढा. कापडाच्या काठापासून 4 सेंटीमीटर सोडून मध्यावर कच्चा दोरा घाला आणि कापड रिंगवर ताणा.

आता खरा टाका, पेसेंत. गाठ मारायची नाही; 8 सेंटीमीटर शेपूट मोकळी सोडा. बुंध्याकडून सुरुवात करा. तीन धागे वरून, तीन खालून, असा साधा धावदोरा ओळीच्या टोकापर्यंत न्या. तिथून परत फिरा आणि राहिलेल्या फटी भरत या. ओळ दोन्ही बाजूंनी भरलेली दिसेल. कसूती या कर्नाटकी भरतकामातला गवंती टाका येत असेल तर हात आपोआप चालेल. फरक इतकाच, की इथे रेघ न काढता ओळीला ओळ चिकटवून आकार भरायचा. दुसऱ्या ओळीत पहिला टाका दोनच धाग्यांचा घ्या, तिसरीत एकाचा, चौथीची सुरुवात थेट तीन धागे खालून. त्यामुळे तिरप्या रेघांचं पोत उमटतं. झाड निमुळतं होऊ लागलं की त्याच्या काठापासून मोजू नका, खालच्या ओळीच्या टाक्यावरून मोजा. मी काठावरून मोजत गेले आणि बारा ओळी उसवल्या.

धागा एका झाडावरून दुसऱ्यावर ओढून नेऊ नका, पलीकडून दिसतो. संपवा आणि नव्यानं सुरू करा. शेपटं शेवटी भरलेल्या टाक्यांच्या आतून ओवून टाका. बाह्यरेषा हवी असेल तर गडद रंगाचा दुहेरी धावदोरा पुरतो. जुन्या कामात चपटी धातूची तार चमकते. आपल्याकडची जरीची तार वापरायची तर अगदी थोडी, कारण तो कपडा मग रोज धुता येत नाही.

दुसऱ्या टोकालाही तशीच तीन-चार झाडं भरा. कडा बारीक दुमडून हातानं शिवा, कारण मशीनची शिवण इथे डोळ्यात खुपते. धुताना कोमट पाणी वापरा, पिळू नका. इस्त्री मऊ टॉवेलवर पालथं ठेवून करा. आता पालथं कोणतं, हे मात्र तुम्हीच ठरवा.