या चुका टाळा: दात दुखायची वाट बघणारे पालक आणि एक दिवसाची शिबिरं

पुण्यातल्या शाळांमध्ये दात तपासायला जायला लागल्यापासून एकच चूक बघतोय, मग शाळा धायरीची असो नाहीतर येरवड्याची. सहाव्या वर्षी येणारी दाढ लोक दुधाची समजतात.

मूल साधारण सहा वर्षांचं झालं की दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे नवीन दाढ येते, दोन वर, दोन खाली. तिच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही त्यामुळे घरात कुणाला पत्ताच नसतो, आणि ती इतकी मागे असते की मुलाचा ब्रश तिथपर्यंत पोचतच नाही. वर तिच्या खाचा खोल, त्यात बिस्किटाचा लगदा बसून राहतो. आणि हीच दाढ आयुष्यभर चावायला लागणार असते.

सिंहगड रोडच्या एका शाळेत तिसरीतल्या मुलाच्या खालच्या दाढेत छोटा काळा ठिपका दिसला, कापसाने पुसलं की कडेने पांढुरकं. तेवढंच, दुखत काहीच नव्हतं. चिठ्ठी लिहून दिली, आई न्यायला आली होती तिलाही सांगितलं, तर ती म्हणाली, "दुधाचीच आहे ना डॉक्टर, पडेल की." परत परत सांगितलं, ताई ही पडणारी नाहीये, ती हो हो म्हणाली आणि चिठ्ठी दप्तरात गेली. पोरगं पाचवीत असताना दिवाळीनंतर गाल सुजवून आलं. मधले महिनाभर मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या होत्या, दुखणं थांबलं की बरं झालं असं समजून, आणि आत दाढ हिरडीपर्यंत पोखरून गेली होती, रूट कॅनालला पकडायला सुद्धा काही उरलं नव्हतं. काढावी लागली. आता बारा वर्षांच्या आसपास मागची दाढ येईल ती त्या रिकाम्या जागेत पुढे झुकणार. तिसरीत हे एका छोट्या फिलिंगवर भागलं असतं, आणि त्याच्याही आधी सीलंट लावलं असतं तर कदाचित तेवढंही लागलं नसतं. सीलंट म्हणजे खाचा बुजवायचा पातळ लेप, इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, थोड्या वेळात काम होतं.

मी प्रत्येक आईला मोबाईलचा टॉर्च लावून मोजायलाच लावतो. समोरच्या मध्यापासून एका बाजूला मोजत जा, पाच दुधाचे, सहावा नंबर आला की ती पक्की दाढ. एकदा स्वतः मोजलं की कुणी विसरत नाही.

दुसरी चूक शिबिर घेणाऱ्यांची, आणि हिचा मला जास्त राग येतो. मंडळ किंवा सोसायटी बॅनर लावते, दोनशे पोरं सकाळभरात तपासून होतात, पेस्ट वाटतात, फोटो काढतात, संपलं! किडलेले दात मोजून कुणाचा दात वाचत नाही. मी आयोजकांना आधी विचारतो की परत कधी बोलावताय, आणि ज्यांना चिठ्ठी दिली ती पोरं पुढे गेली का हे कोण बघणार, एका बाईंचं किंवा सरांचं नाव द्या. नाव मिळालं नाही तर मी जात नाही. ज्या पोरांचे दात पटकन किडतात त्यांना वर्षातून दोनदा फ्लोराइड वार्निश, म्हणजे कीड रोखायचा फ्लोराइडचा लेप, लावायचं तर तीच पोरं परत भेटायला हवीत ना. आणि पुण्यात पाठवायला जागा नाही असं कुणी सांगू नये, भारती विद्यापीठ आहे, कॅम्पातलं रंगूनवाला आहे, पिंपरीचं डी. वाय. पाटील आहे, डेंटल कॉलेजात खर्च बाहेरपेक्षा बराच कमी येतो. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम 2013 पासून येते, ते दातही बघतात. त्यांनी पुढे पाठवलं तर जा.

बाकीच्या चुका पटापट:

पेस्ट जाहिरातीसारखी ब्रशभर घेऊ नका. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी, पण फ्लोराइडवाली. घासून झालं की नुसतं थुंका, लगेच खळखळून चूळ भरली की फ्लोराइड वाहून जातं. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनी करून द्यायचा, कंटाळा आला तरी.

बाळाला साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नका.

मिश्री सोडा, आजीने सांगितलं तरी. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि पेस्ट-मंजनात तंबाखू घालायला आपल्याकडे 1992 पासून बंदी आहे.

स्केलिंगने, म्हणजे दातांवर साचून दगडासारखा झालेला थर काढल्याने, दात हलत नाहीत. हिरडी आधीच सैल झालेली असते, दाताला धरून बसलेला दगड निघाला की ते कळतं.

रील बघून लिंबू-सोडा, कोळसा चोळणाऱ्यांना चार दिवसात पांढरे दात हवे असतात. त्याने वरचं कवच झिजतं आणि ते परत येत नाही.

दुखणाऱ्या दाताशेजारी दुखणं थांबवायची गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. आणि गालाला सूज येऊन ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळायला त्रास व्हायला लागला तर क्लिनिक उघडायची वाट बघायची नाही, त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठायचं.