लिथियम बॅटरीवर प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की फायनल इयरची पोरं लॅबच्या दारात हजर. "सर, बॅटरी सेफ्टीवर करायचंय, सेलला खिळा मारून व्हिडिओ काढायचाय." अरे, सेल पेटवायला अक्कल लागत नाही, का पेटला ते सांगायला लागते, आणि त्यासाठी आधी पन्नासएक चार्ज-डिस्चार्ज गप बसून मोजावे लागतात, ते कुणालाच नको असतं. खिळ्याचं माझ्या लॅबमध्ये नाव काढायचं नाही.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे मेलेला सेल उठवणे. भंगारातून लॅपटॉपचा पॅक आणायचा, फोडायचा, आतले १८६५० (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब गोल सेल) काढायचे, त्यातला एखादा मीटरवर १.१ व्होल्ट दाखवतो. "सर, चार्जिंगला लावला की उठतोय." उठतो ना, तोच तर घोटाळा आहे. दोन व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडलेल्या सेलमधली तांब्याची फॉइल इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळायला लागते, आणि परत चार्ज केलं की तेच तांबं भलत्या जागी जाऊन बसतं, मग आतल्या आत शॉर्ट.

तीन वर्षांपूर्वी एका ग्रुपने असाच सेल मला न विचारता टीपी४०५६ वर, म्हणजे चार्जिंगच्या छोट्या बोर्डावर लावला, ४.१ व्होल्टपर्यंत चढला, पोरं खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ३.६. एका रात्रीत, काही न जोडता! तिथंच थांबायला पाहिजे होतं, पण यांनी "लूज कॉन्टॅक्ट असेल बे" म्हणून परत चार्जिंगला लावला आणि सात रस्ता चौकात चहाला गेले. एप्रिलची दुपार, वर पत्रा. मी आत आलो तर नेलपॉलिशसारखा गोडसर वास आणि बारीक सुंऽऽ आवाज. एकजण मदत म्हणून हॉस्टेलची चादर घेऊन धावत आला, आता सोलापुरी चादर कितीही भारी असली तरी सूतच ते, पेटणारच. प्लग ओढला, सगळ्यांना बाहेर हाकललं, कारण त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो, आणि लांबून पाणी मारत राहिलो. वाळूने ज्वाळा दबते, पण सेल थंड होत नाही, आतली उष्णता पाण्यानेच उतरते.

एवढं होऊन डेटा काय मिळाला? काहीच नाही. लॉगिंग मिनिटाला एक रीडिंग, आणि सेल बिथरला की खेळ सेकंदात संपतो. सेकंदाला निदान एक रीडिंग ठेवा.

तेव्हापासून माझी सवय एकच: सेल २.५ व्होल्टच्या खाली दिसला की त्यावर लाल टेप. बाकीचे चार्ज करून आठवडाभर नुसते ठेवतो, रोज व्होल्टेज वहीत लिहितो, जो घसरतो तो बाद. आठवडा फुकट जातो म्हणून पोरं कुरकुरतात, कुरकुरू देत.

रिपोर्टमध्ये "रूम टेंपरेचर २५ अंश" लिहिणाऱ्यांना तर मी उभंच करत नाही. मे महिन्यात सोलापुरात २५ अंश कुठल्या रूममध्ये असतं मला पण दाखवा! बहुतेक सेलच्या डेटाशीटवर चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंश असते, आणि आपल्याकडे पत्र्याखाली दुपारी हवाच तिथवर पोचते. चार्जिंग सकाळी उरका, आणि हवेचं तापमान वेगळ्या सेन्सरने नोंदवा. सेलवर डीएचटी११ (तापमान-आर्द्रतेचा स्वस्त सेन्सर) चिकटवू नका, तो ५० अंशापर्यंतचाच आहे, आणि सेलच्या आतले दोन ध्रुव वेगळे ठेवणारा पॉलिथिलीनचा सेपरेटर वितळतो १३० च्या आसपास. थर्मोकपल (तापमान मोजायची तार) उघडा सेलच्या धातूच्या डब्याला लावू नका, डबा म्हणजे निगेटिव्ह, रीडिंग नाचतं, खाली कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेशन टेप) घ्या.

सेलवर डायरेक्ट सोल्डरिंग नको, निकेल पट्टी आणि स्पॉट वेल्डिंग.

९८०० एमएएच छापलेला १८६५० स्वस्तात मिळाला म्हणून नाचू नका, चांगल्या कंपनीचा सुद्धा ३५००च्या आसपास थांबतो. वजन करून बघा, खरा ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. मागच्या वर्षी एकाने आणलेला २८ ग्रॅम भरला, आणि तो पठ्ठ्या मला विचारतो, "सर, हलका आहे म्हणजे ईव्हीसाठी चांगलाच ना?"