वापरलेला डीएसएलआर घेताय? पैसे देण्याआधी हे तपासा

कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०२० नंतर डीएसएलआरचं (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचं) नवं मॉडेल काढलेलं नाही, त्यांचा सगळा भर आता मिररलेसवर (बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर) आहे. पहिला कॅमेरा घेणाऱ्याच्या हे पथ्यावरच पडलंय. मिररलेसकडे वळलेल्यांचे डीएसएलआर विक्रीला येताहेत, आणि निकॉन डी३५००, डी५६०० किंवा कॅनन २००डी, ८०डी हे कॅमेरे आजही उत्तम फोटो देतात. मात्र वापरलेल्या कॅमेऱ्याचा खरा दोष वरवर पाहून कळत नाही. मुंबईत फोर्टच्या दुकानातून घ्या की ऑनलाइन जाहिरात पाहून कुणाच्या घरून, तपासणीला निदान पाऊण तास द्याच.

दिवसाउजेडी जा. सोबत स्वतःचं रिकामं एसडी कार्ड, मोबाइलचा टॉर्च, कोरा पांढरा कागद, एक वर्तमानपत्र आणि जमल्यास लॅपटॉप न्या. ‘बॅटरी चार्ज नाही, पण कॅमेरा एकदम ओके आहे’ असं ऐकू आलं, तर त्या दिवशी व्यवहार करू नका.

मॉडेल ठरवताना

निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडीत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) फोकसची मोटर नसते. स्वस्तात मिळणारी ५० मिमी एफ/१.८डी लेन्स त्यांच्यावर ऑटोफोकस करत नाही, ५० मिमी एफ/१.८जी करते. कॅननच्या ३०००डीला धातूऐवजी प्लॅस्टिकचा लेन्स माउंट (लेन्स बसते ती कडी) आहे. थोडे पैसे वाचवण्यासाठी तो घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पुढे बाहेरचा फ्लॅश लावायचा असेल तर वरच्या हॉटशूमध्ये (फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधोमध गोल संपर्कबिंदू आहे का ते पाहा. कॅनन २००डी मार्क २ मध्ये तो नाही, त्यामुळे इतर कंपन्यांचे बरेच साधे फ्लॅश त्यावर चालत नाहीत.

आधी लेन्स

बहुतेक जण बॉडीपासून सुरुवात करतात. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः मुंबई, कोकण आणि गोव्यात, आधी लेन्स पाहायला हवी, कारण बुरशी तिथे धरते.

लेन्स काढा, दोन्ही झाकणं काढा. मागच्या बाजूने टॉर्च तिरका धरा आणि पुढून आत पाहा. मग उलट करा. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्सचं छिद्र (उजेड आत सोडणारं अ‍ॅपर्चर) बॉडीवरून काढल्यावर पूर्ण उघडं असतं. निकॉनच्या जी लेन्सचं बंद होतं. माउंटजवळची छोटी धातूची दांडी बोटाने हलकेच सरकवून धरा, तरच आतल्या काचा दिसतील. हे न करता ‘लेन्स स्वच्छ आहे’ म्हणणं व्यर्थ आहे. दांडी सोडली की छिद्राची पाती झटकन मिटली पाहिजेत. सावकाश मिटली किंवा पात्यांवर तेलकट चकाकी दिसली, तर लेन्स नको.

आत धुळीचे चार कण असणं स्वाभाविक आहे, फोटोत ते दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे फुटलेले तंतू मात्र बुरशीचे. ती काचेवरचा लेप खाते, आणि नंतर साफ केली तरी डाग राहू शकतो. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. किट लेन्सला (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सला) बुरशी असेल तर नुसती बॉडी मागा आणि भाव कमी करून घ्या.

सेन्सर

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यात फोटो टिपणारा भाग. आता लेन्स चढवा, कॅमेरा ए (निकॉन) किंवा एव्ही (कॅनन) मोडवर, एफ/२२ (म्हणजे छिद्र बारीक), आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमीजास्त करण्याची सोय) +१. फोकस मॅन्युअल करून मुद्दाम बिघडवा. पांढऱ्या कागदाचा फोटो काढा. शटर मंद पडलं तरी चालेल, उलट कॅमेरा जरा हलवाच. कागदावरचे डाग पुसट होतील, सेन्सरवरचे जागच्या जागी राहतील. हीच परीक्षा एफ/५.६ वर केली तर जवळजवळ काहीच दिसणार नाही.

मऊ कडांचे गोल ठिपके म्हणजे धूळ. साफ होते, त्यासाठी कॅमेरा नाकारू नका. सरळ रेघ दिसली तर ओरखडा असण्याची शक्यता मोठी. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) दिसणारे पण फोटोत न येणारे कण आरशावर किंवा फोकसिंग स्क्रीनवर असतात, त्यांची चिंता नको.

मग लेन्सवर झाकण लावून आयएसओ १००, १/६० सेकंद असा एक फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून पाहा. तो पूर्ण काळा हवा. दहा सेकंदांच्या फोटोत रंगीत ठिपके आले तर चालतं, १/६० ला चमकणारे ठिपके चालत नाहीत.

शटर

उन्हातल्या रंगवलेल्या सपाट भिंतीसमोर उभे राहा. एम (मॅन्युअल) मोड, ऑटो आयएसओ बंद, एफ/५.६. पहिला फोटो १/५०० सेकंद आणि आयएसओ १००; दुसरा १/४००० आणि आयएसओ ८००. दोन्हींचा उजेड सारखाच यायला हवा. दुसरा काळवंडला किंवा वरखाली गडद पट्टा आला, तर शटरचे पडदे थकलेत. ही चाचणी दुकानातल्या एलईडीखाली करू नका; तिथे दिव्याच्या लुकलुकण्यानेच पट्टे येतात आणि चांगल्या कॅमेऱ्यावर आळ येतो.

शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा चाललं तो आकडा, सगळेच विचारतात. निकॉनमध्ये तो फोटोच्या एक्झिफ माहितीतच (फाइलसोबत साठवलेल्या तपशिलात) असतो. तुमच्या कार्डावरचा ताजा फोटो लॅपटॉपवर एक्झिफटूल या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. कॅननच्या बहुतेक मॉडेलमध्ये तो फोटोत नसतो, यूएसबीने जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. या वर्गातल्या शटरचं आयुष्य साधारण १ लाख क्लिक धरतात. पण आकड्याला भुलू नका. व्हिडिओसाठी तासन्‌तास चाललेल्या कॅमेऱ्याचा काउंटही कमीच असतो, कारण एका क्लिपमागे शटर फारसं हलत नाही. आणि ५ हजार क्लिक होऊन आठ पावसाळे कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यापेक्षा नियमित वापरातला ४० हजारांचा कॅमेरा आम्ही कधीही पसंत करू.

फोकस

वर्तमानपत्र टेबलावर पसरा. कॅमेरा साधारण एक मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात, पुस्तकांवर टेकवून स्थिर ठेवा. छिद्र पूर्ण उघडं, फक्त मधला फोकस पॉइंट. एका ठळक ओळीवर आधी व्ह्यूफाइंडरमधून आणि मग लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर पाहून) फोटो घ्या. व्ह्यूफाइंडरचा फोकस आरशाखालच्या वेगळ्या सेन्सरवर ठरतो, लाइव्ह व्ह्यूचा मुख्य सेन्सरवर. लाइव्ह व्ह्यूत नेमकी ओळ आणि व्ह्यूफाइंडरने पुढची किंवा मागची ओळ स्पष्ट येत असेल, तर जुळणी बिघडली आहे. निकॉन डी७२०० आणि कॅनन ८०डीमध्ये ती मेनूतून सुधारता येते. डी३५०० आणि २००डीमध्ये ती सोय नाही, सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं.

मध्येच कॅननवर ‘एरर ०१’ आला तर लेन्स काढून तिचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा. पुन्हा आला तर दुसरी लेन्स लावून पाहा, म्हणजे दोष लेन्सचा की बॉडीचा हे कळेल.

पॉप-अप फ्लॅश, प्रत्येक बटण, दोन्ही बाजूंना फिरणारी डायल, ट्रायपॉडच्या भोकाचे आटे आणि ग्रिपचं रबर झटपट पाहून घ्या. रबर सुटलेलं असलं तरी ते बदलता येतं, भाव पाडायला उपयोगी.

कागदपत्रं

बॉडीवरचा सीरियल नंबर बिल आणि खोक्याशी जुळवा. खोक्यावर आयातदाराचं नाव आणि एमआरपीचं लेबल नसेल, तर तो अधिकृत मार्गाने आलेला नसण्याची शक्यता आहे आणि कंपनीची भारतातली वॉरंटी त्याला मिळणार नाही. बिल हरवलं असेल तर सीरियल नंबर, तारीख आणि रक्कम लिहून विक्रेत्याची सही घ्या, सोबत ओळखपत्राची प्रत. याला जो नकार देतो त्याचा कॅमेरा चोरीचा असू शकतो, तिथून निघा.

घरी आणल्यावर कॅमेरा कापडी बॅगेत घालून कपाटात ठेवू नका. रबरी कडेचा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घ्या. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहू द्या. पावसाळ्यात दर आठवड्याला मापक पाहा, आणि जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की दाणे बदला.