‘शेवटचं कोण आजारी होतं?’ : मेळघाटात आरोग्याचा अभ्यास करायला निघालेल्यांसाठी

खेड्यातील लोक उपचारासाठी कोणाकडे जातात, हा विषय घेऊन समाजकार्याचे आणि सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी क्षेत्रकार्याला निघतात. मीही तोच विषय घेऊन मेळघाटात, अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुक्यात, एका कोरकू आदिवासींच्या गावात राहिले होते. तेथे माझे पहिले दोन आठवडे वाया गेले, आणि ते कशामुळे गेले हे आधी सांगायला हवे. ‘आजारी पडल्यावर तुम्ही प्रथम कोठे जाता?’ हा माझ्या प्रश्नावलीतील पहिला प्रश्न होता. सोबत आशाताई, म्हणजे गावातील आशा स्वयंसेविका असत, कारण त्यांच्या ओळखीशिवाय घरात बसायला मिळत नसे. आणि त्यांच्यादेखत प्रत्येक घरातून ‘सरकारी दवाखान्यात’ हेच उत्तर येई. लोक मला फसवत नव्हते. काय करायला हवे, हे विचारले आहे असे समजून ते उत्तर देत होते.

नंतर मी प्रश्न बदलला. ‘तुमच्या घरात शेवटचं कोण आजारी होतं? त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं?’ असे विचारू लागले, आशाताईंना बाहेर थांबण्याची विनंती करू लागले, आणि तारखा आठवत नसतील तेव्हा ‘होळीच्या आधी की पोळ्याच्या नंतर?’ असे विचारून दिवस लावू लागले. तेव्हा कुठे खरी हकीकत कानी पडली.

एका तीन महिन्यांच्या मुलाची हकीकत मी अजून विसरले नाही. पोट फुगले म्हणून आजीने पहिल्या दिवशी ओवा शेकून लावला. दुसऱ्या दिवशी भूमकाने, म्हणजे गावातील पारंपरिक वैदूने, कारण शोधण्यासाठी दाणे पाहिले आणि दोरा बांधला. त्याच संध्याकाळी मोटारसायकलवर फिरणाऱ्या ‘डॉक्टर’ने उधारीवर एक सुई टोचली. तिसऱ्या पहाटे डंबा दिला, म्हणजे विळा तापवून पोटावर चटके दिले. चौथ्या दिवशी मूल प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचले, ते न्यूमोनिया घेऊनच. ‘आता दवाखान्यात न्या’ असे त्या घरी ठामपणे सांगितले ते भूमकाने, आणि त्याच्या शब्दावर सासरे गाडीसाठी पैसे काढायला तयार झाले.

अशा साठेक हकीकती लिहून काढल्यावर माझी एक समजूत पक्की झाली. भूमका की डॉक्टर, अशी निवड लोक करत नाहीत. दोन्हीकडे जातात, पुष्कळदा एकाच दिवशी जातात, कारण ‘हे कोणी केलं, का झालं’ याचे उत्तर भूमकाकडे असते आणि ताप उतरवण्याचे औषध दवाखान्यात. म्हणून ‘अंधश्रद्धा’ हा एक शब्द लिहून प्रकरण संपवू नका. डंबा क्रूर आहे आणि तो थांबलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण उशीर नेमका कोठे झाला, हे पाहिल्याशिवाय तो थांबणारही नाही.

उशिराची बरीचशी कारणे अगदी साधी असतात. निकषाप्रमाणे आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते, पण डोंगराळ वाटेवरचे अंतर त्या आकड्यांत दिसत नाही. सकाळच्या तपासणीला गेले की मजुरी बुडते. मोठ्या रुग्णालयात पाठवले तर घरच्या दोन लहानग्यांना कोण सांभाळणार, हा प्रश्न आईला आजाराहून अवघड वाटतो, आणि तेथे कोरकू भाषा समजणारे कोणी भेटेल याची खात्री नसते. याउलट तो मोटारसायकलवाला संध्याकाळी घरी येतो, पीक निघेपर्यंत पैशांसाठी थांबतो, सुई किंवा सलाईन देतो. नोंदणी नसताना औषधोपचार करणे हा गुन्हा आहे आणि त्याच्या सुयांचे धोकेही खरे आहेत. तरीही मुलाखतीत ‘बोगस’ हा शब्द तुमच्या तोंडून निघाला की पुढचे बोलणे तेथेच थांबते. लोक सगळ्यांनाच ‘डॉक्टर’ म्हणतात, म्हणून ‘कोणता डॉक्टर, कुठे बसतो, काय दिलं?’ असे हळूच विचारून घ्यावे.

संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी, सरपंचांची भेट आणि प्रत्येकाची संमती या गोष्टी तुम्हाला मार्गदर्शक सांगतीलच. चटक्यांच्या खुणांचे छायाचित्र मात्र काढू नका. डंब्याबद्दल गुन्हे दाखल होतात, आणि विश्वासाने पदर बाजूला करून दाखवणारी आई तुमच्यामुळे अडचणीत येऊ शकते.

एक गोष्ट निघण्यापूर्वी पाठ करा. बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे : दोन महिन्यांखालील बाळाचे 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक भरले, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर वही बंद करून 108 ला फोन लावायचा आणि आशाताईंना बोलवायचे. साप चावलेल्या माणसाबाबतही हेच. अशा माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, पण त्या क्षणी कायदा समजावत बसू नये, गाडी मिळवावी.

माझ्या वहीत सुरुवातीला दिवस, उपचार आणि खर्च असे तीनच रकाने होते. त्या मुलाच्या हकीकतीनंतर मी ‘जा असे कोण म्हणाले’ हा चौथा रकाना आखला. तुम्ही तो पहिल्याच दिवशी आखा, आणि भूमकाच्या घरी लवकर जा. मी तेथे दुसऱ्या महिन्यात गेले, तेव्हा ते म्हणाले, ‘सगळ्यांना विचारून झालं, मग माझ्याकडे आलीस.’