उन्हाळ्यात म्हैस आटायलीय? पेंड वाढवायच्या आधी हौदात हात घालून बघा

दूध कमी झालं की आपला पहिला हात जातो पेंडीच्या पोत्याकडं. एप्रिल-मे मधी ते उलटं पडतं बघा, कारण तिला भूकच राहिलेली नसते, चारा पचताना पोटात गर्मी तयार होते म्हणून ती स्वतःच खाणं कमी करते. त्यात कातडं काळं, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा लई कमी, म्हणजे अंगातली गर्मी बाहेर काढायला तिला वरून पाणीच लागतं. डबक्यात जाऊन बसते तो आळस नाही, तिचा कूलर आहे तो.

तर पहिलं काम. दुपारी दोनला हौदात हात घाला. काळी प्लॅस्टिकची टाकी उन्हात, पाईप उघडा पडलेला, अन् पाणी आंघोळीला काढल्यासारखं गरम, ते ती काय पिणार? दुधाची म्हैस उन्हाळ्यात दिवसाला ७०-८० लिटर तरी पिते, कधी त्याच्याही वर, अन् दुधात ८० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, मग पाणी कमी प्यायली की दूध येणार कुठून. हौद कडुलिंबाखाली घ्या, टाकीला ओलं बारदान गुंडाळा, पाईप हातभर मातीत गाडा. आतून चुना मारला की शेवाळ कमी धरतं. एवढ्याला खर्च काहीच नाही, तरी आपण आधी फॉगरचा, म्हणजे पाण्याचं धुकं उडवणाऱ्या यंत्राचा, भाव विचारतो.

पत्र्याच्या गोठ्यावर तुराट्या, पऱ्हाट्या नाहीतर उसाचं पाचट टाका, वावधानाआधी, म्हणजे वादळवारं सुटायच्या आधी, दोरीनं आवळून बांधा, ते नसंल तर वरून पांढरा चुना मारा. आता माझा शहाणपणा ऐका, मी एक वर्षी चारी बाजूंनी ओली पोती लावून गोठा पॅक केला, म्हणलं एसीच झाला. आत वाफ कोंडली अन् म्हशी आधीपेक्षा जास्त धापा टाकायल्या. पाणी अन् वारा दोन्ही सोबत पाहिजेत, म्हणून पोती फक्त पश्चिमेला लावा, बाकी मोकळं ठेवा.

अंगावर पाणी मारताना शिंतोडे नकोत, कातडं भिजलं पाहिजे. ११ ते ४ च्या मधी तीन-चार वेळा, अन् लाईट असंल तर लगेच पंखा. ज्या लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिकडच्या माणसाला रोज पाईपनं म्हशी धुवा म्हणणं चेष्टाच आहे, तिथं दोन बादल्यात काम भागवा, भिजवलेलं बारदान पाठीवर टाका, सुकलं की परत भिजवा. धारेच्या वेळी कास कोरडी पुसून घ्या, अन् धार काढल्यावर अर्धा तास तिला बसू देऊ नका, सडाची छिद्रं उघडी असतात, डबक्यात बसली की दगडी, म्हणजे कासेची सूज, झालीच समजा.

चारा-पेंड सकाळी सातच्या आत अन् ऊन उतरल्यावर, कडबा रात्रीच. सोबत ५० ग्रॅम मिनरल मिक्शर अन् मूठभर मीठ. हिरवं मिळंना म्हणून पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी मात्र कापून टाकू नका, किराळ, म्हणजे असल्या ज्वारीतलं विष, लागून तासाभरात जनावर हातचं जातं.

माज, म्हणजे म्हैस फळवायची वेळ, पण उन्हाळ्यात मुका असतो. ओरडत नाही, दिवसा कळतच नाही, म्हणून पहाटे अन् रात्री दहानंतर एक चक्कर गोठ्यात माराच, नाहीतर वेत लांबतं.

अन् तोंड उघडं, जीभ बाहेर, फेस, ताप १०४-१०५ च्या वर असं दिसलं तर सावलीत घ्या, डोक्यावर अन् मानेवर पाणी ओतत राहा अन् डॉक्टरला फोन लावा. शेजारचा कुणीतरी बाटलीनं पाणी पाजा म्हणंल, त्याला बाजूला करा. धाप लागलेल्या जनावराला पाजलेलं पाणी सरळ फुफ्फुसात जातं.